फॉल रिव्हरचे सोझा, मुंबईचा डिसोझा

३१ जुलै १९४८. लंडनजवळच्या इलफर्डच्या मैदानावर भारताचा फुटबॉल संघ फ्रान्सविरुद्ध उतरला तेव्हा स्वातंत्र्याला अजून एक वर्षही पुरं झालेलं नव्हतं. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी होते. सारंगपाणी रामनने एक गोल केला, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना १–२ असा हातचा गेला. दोन दिवसांनी, २ ऑगस्टला, लंडनच्याच ब्रेंटफर्ड भागात अमेरिकेचा संघ इटलीसमोर उभा राहिला. त्यांच्या पायात बूट होते, पण निकाल लागला ०–९.

त्या अमेरिकी ताफ्यात सोझा आडनावाचे दोन गडी होते. जॉन सोझा आणि एड सोझा. दोघे एकमेकांचे नातेवाईक नव्हते. गाव मात्र एकच, मॅसॅच्युसेट्स राज्यातलं फॉल रिव्हर. ही नावं वाचून वसईच्या माणसाच्या भुवया उंचावल्याशिवाय राहणार नाहीत. पापडी, सांडोर, रमेदी, गास, नंदाखाल, निर्मळ, आगाशी, यांपैकी कुठल्याही धर्मग्रामात जा, डिसोझा, डिसिल्वा, रॉड्रिग्ज, परेरा, लोपीस, गोन्साल्विस ही आडनावं घराघरांवर दिसतात. १५३४पासून १७३९पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. त्याच पोर्तुगालच्या ताब्यातल्या, अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरून पुढे हजारो कुटुंबं पोटासाठी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेली. फॉल रिव्हर हे त्यांचं मोठं ठाणं झालं. एकाच राजवटीने दोन दूरच्या किनाऱ्यांवर सारखी आडनावं आणि सारख्याच घंटांचे चर्च मागे ठेवले.

फुटबॉल मात्र पोर्तुगीजांनी ठेवला नाही. तशी समजूत वसईतच काय, गोव्यातही सर्रास ऐकू येते. ती चुकीची आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेने मे १७३९मध्ये वसईचा किल्ला घेतला. फुटबॉलचे नियम लंडनमध्ये पहिल्यांदा कागदावर उतरले ते १८६३ साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. चेंडू आणला इंग्रजांनी. गोव्यात, म्हणजे थेट पोर्तुगीज राज्यात, फुटबॉल रुजवण्याचं श्रेय दिलं जातं ते विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश पाद्रींना. १८८३मध्ये ते प्रकृतीला आराम पडावा म्हणून शिवोलीला आले होते आणि येताना हा खेळ घेऊन आले. फॉल रिव्हरमध्येही तेच झालं. तिथल्या कापड गिरण्यांत लँकेशायरहून आलेले विणकर होते. त्यांनी आधी खेळ आणला, अझोर्सच्या पोरांनी तो नंतर उचलला.

या दोन ठिकाणांची सांगड तशी ओढूनताणून वाटेल. पण आरंभीचा अमेरिकी फुटबॉल आणि मुंबई-वसईचा फुटबॉल ज्यांच्या आधाराने उभे राहिले ते खांब खरोखर सारखे होते. एक चर्च आणि दुसरा नोकरी देणारी कंपनी. आणि या दोन्ही वाटा जिथे येऊन मिळत होत्या ते ठिकाण म्हणजे त्या काळचं ऑलिंपिक.

अमेरिकेतला पहिला ऑलिंपिक फुटबॉल बघितला तर हे लगेच ध्यानात येतं. १९०४ साली ऑलिंपिक सेंट लुईस शहरात भरलं. फुटबॉलला तीनच संघ आले. कॅनडाचा गॉल्ट एफसी सुवर्ण घेऊन गेला. बाकीचे दोन्ही संघ सेंट लुईसचेच, ख्रिश्चन ब्रदर्स कॉलेज आणि सेंट रोझ. पहिलं धर्मबंधूंनी चालवलेलं कॉलेज, दुसरं सरळसरळ एका धर्मग्रामाचा संघ. दोघांमधला सामना दोनदा बरोबरीत सुटला, तिसऱ्यांदा कॉलेज २–० जिंकलं. आज ऑलिंपिकच्या पदकतालिकेत अमेरिकेच्या नावावर पुरुषांच्या फुटबॉलचं एक रौप्य आणि एक कांस्य दिसतं ते असं. नंदाखाल आणि निर्मळ यांच्या पोरांनी आपसात सामना खेळावा आणि दोघांना पदक मिळावं, तसलाच हा मामला. सेंट लुईसमध्ये पुढे कॅथलिक युवक परिषदेची लीग कित्येक दशकं चालली आणि त्या शहराने राष्ट्रीय संघाला माणसं पुरवणं थांबवलं नाही.

कंपन्यांची गोष्ट आणखी ठळक. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम स्टील या पोलाद कारखान्याच्या संघाने १९१५ ते १९२६ या काळात अमेरिकेचा राष्ट्रीय चषक पाच वेळा जिंकला. १९२१मध्ये अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली. तिच्यात एक संघ शिलाईचा दोरा करणाऱ्या जे. अँड पी. कोट्स कंपनीचा होता, एक गोदीचा. फॉल रिव्हरचा मार्क्समेन हा त्या लीगमधला दादा संघ. त्याच गावाचा बर्ट पॅटनॉड याने १९३०च्या पहिल्या विश्वचषकात, पॅराग्वेविरुद्ध, विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅट्ट्रिक केली. ‘फिफा’ने ती अधिकृतपणे मान्य करायला २००६ साल उजाडलं. त्या विश्वचषकात अमेरिका उपांत्य फेरीपर्यंत गेली होती, हे आज अमेरिकेतल्याच पुष्कळांना ठाऊक नसतं.

मुंबईत सुरुवात लष्कराने केली. १८९१मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तो वूस्टर रेजिमेंटने नेला. मग १९०२मध्ये हारवूड लीग आली. बरीच वर्षं करंडक गोऱ्या पलटणींच्याच छावण्यांत फिरत राहिला. १९३७मध्ये बंगलोर मुस्लिम्सने रोव्हर्स जिंकला तेव्हा पहिल्यांदा बिगरलष्करी भारतीय संघाचं नाव त्यावर कोरलं गेलं. सामने होत ते कूपरेजवर, चर्चगेट स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर.

चर्चगेटचं हे अंतर वसईच्या दृष्टीने महत्त्वाचं. १२ एप्रिल १८६७ रोजी मुंबईची पहिली उपनगरी गाडी धावली ती विरारहून बॅकबेपर्यंत. १९३६मध्ये विरारपर्यंत वीज आली. वसईच्या वाड्यांतली केळी, पानं, फुलं आणि दूध पहाटेच्या गाडीने मुंबईला जायचं. त्याच गाडीने शिकलेली पोरं फोर्टातल्या कचेऱ्यांत कारकुनीला जाऊ लागली. त्याच लोहमार्गाच्या टोकाला कूपरेज होतं.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती वस्त्यांत, चर्च म्हणजे नुसती रविवारची मिस्सा नव्हे. चर्चला लागून शाळा आणि शाळेला लागून पटांगण. पावसाळ्यात क्रिकेटची खेळपट्टी चिखलात जाते, पण फुटबॉलला चिखल चालतो, किंबहुना काहींच्या मते चिखलाशिवाय मजाच नाही. एका चेंडूवर बावीस जण खेळू शकतात, बाकी सामान लागत नाही. शेतीवर जगणाऱ्या गावात हा हिशेब लवकर कळतो. गावागावातली चुरस सणासुदीच्या स्पर्धांत मैदानावर उतरते आणि गावाच्या नावासाठी पोरं जिवाच्या आकांताने धावतात. पण गावच्या मैदानावरून शहराच्या मैदानावर जायचं तर मध्ये एक दुवा लागतो. मुंबईत तो दुवा होता नोकरी.

टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे, बंदर, गिरण्या, पुढे महिंद्र, आरसीएफ, एअर इंडिया. मुंबईच्या फुटबॉलची ही खरी घराणी. खेळाडू कागदोपत्री कारकून किंवा कामगार असे, दुपारी लवकर सुटे, संध्याकाळी सराव करी आणि महिन्याला पगार घेई. खेळण्याचे पैसे म्हणून मिळत नसत, म्हणून तो हौशी. ऑलिंपिकला हौशीच खेळाडू चालत असल्यामुळे ही व्यवस्था तिथे अगदी फिट बसली. अमेरिकेतही निराळं नव्हतं. १९५०मध्ये अमेरिकेसाठी विश्वचषकात गोल राखणारा सेंट लुईसचा फ्रँक बोर्गी शववाहिका चालवत असे, हॅरी कीओ टपाल वाटत असे आणि फिलाडेल्फियाचा वॉल्टर बार शाळेत शिकवत असे.

१९४८च्या लंडनला गेलेल्या भारतीय ताफ्यात मुंबईचा हात दिसतो. बचावफळीतले तिरुवल्ला पापन हे मूळचे केरळचे, पण टाटांकडून खेळणारे. आघाडीच्या खेळाडूंत बलराम परब रामचंद्र हे नाव आहे, त्यातलं ‘परब’ मराठी वाचकाला ओळखू येईलच. आणि तिकडे अमेरिकी गोटात फॉल रिव्हरच्या पोंता देल्गादा क्लबची माणसं. अझोर्सच्या मुख्य शहराचं नाव लावणाऱ्या या क्लबने १९४७मध्ये अमेरिकेचा खुला आणि हौशी असे दोन्ही राष्ट्रीय चषक एकाच वर्षी जिंकले होते. इतकं की त्या वर्षी हवानाच्या स्पर्धेला अमेरिकेने निवड-बिवड न करता सरळ हाच क्लब राष्ट्रीय संघ म्हणून पाठवला. तिथे मेक्सिको आणि क्युबाने त्याला मोठ्या फरकाने हरवलं, ते सोडा.

दोन वर्षांनी, २९ जून १९५० रोजी, ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते इथे अमेरिकेने इंग्लंडला १–० असं हरवलं. विश्वचषकाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा धक्का मानला जातो. गोल जो गेटजेन्सचा. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अकरांपैकी पाच सेंट लुईसचे होते आणि दोन फॉल रिव्हरचे, तेच दोघे सोझा. म्हणजे अकरातले सात जण दोन गावांतून आलेले. त्याच विश्वचषकासाठी भारतालाही जागा मिळाली होती. स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्या गटात. भारत गेलाच नाही. ‘अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून’ ही कथा अजून सांगितली जाते, पण शैलेन मन्नांसारख्या त्या संघातल्या ज्येष्ठांनीच ती पुढे खोडून काढली. आपल्या फुटबॉल महासंघाच्या लेखी तेव्हा विश्वचषकापेक्षा ऑलिंपिक मोठं होतं. आजच्या नजरेला हे हास्यास्पद वाटतं. तेव्हाच्या भारतात ऑलिंपिक म्हणजे हॉकीचं सुवर्ण, आणि विश्वचषक म्हणजे कुठे दक्षिण अमेरिकेत भरणारा कसलासा मेळा, अशीच समज होती.

१९५२मध्ये हेलसिंकीला दोघांचीही दैना झाली. भारत युगोस्लाव्हियाकडून १–१० हरला, अमेरिका इटलीकडून ०–८. त्या मारानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. जॉन सोझा त्याही अमेरिकी संघात होता.

आणि मग आलं मेलबर्न.

१९५६च्या नोव्हेंबर-डिसेंबरातलं हे ऑलिंपिक सुएझ आणि हंगेरीच्या रक्तपाताच्या सावटाखाली भरलं. बऱ्याच संघांनी माघार घेतली. हंगेरीचा फुटबॉल संघ न आल्यामुळे भारत न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोचला. नशीब म्हणावं तर एवढंच. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार बंगालचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. आघाडीच्या टोकाला मूळ गोव्याच्या कुटुंबातला, मुंबईत खेळून मोठा झालेला आणि टाटा स्पोर्ट्स क्लबची जर्सी घालणारा चोवीस वर्षांचा नेव्हिल डिसोझा. १९५४मध्ये मुंबईने पहिल्यांदा संतोष करंडक जिंकला होता, त्या पिढीचा हा खेळाडू.

१ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला दुसरा. पुन्हा बरोबरी. विश्रांतीनंतर पन्नासाव्या मिनिटाला तिसरा आणि शेवटी कृष्णस्वामी ऊर्फ किट्टूचा चौथा. भारत ४–२. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई. ऑस्ट्रेलियनांना हा निकाल पटेना. ऑलिंपिक संपल्यावर सिडनीत पुन्हा सामना ठेवला गेला. तो भारताने ७–१ जिंकला.

उपांत्य फेरीत समोर युगोस्लाव्हिया. इथे अमेरिकेचा धागा पुन्हा येऊन भिडतो, कारण आधीच्या फेरीत याच युगोस्लाव्हियाने अमेरिकेला ९–१ असं चिरडलं होतं. त्याच संघाविरुद्ध ४ डिसेंबरला मध्यंतरापर्यंत भारताने गोल होऊ दिला नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने भारताला आघाडी मिळवून दिली. काही क्षण का होईना, भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर होता. पुढच्या पाच मिनिटांत दोन गोल बसले, मग तिसरा, आणि चौथा आपल्याच सलामच्या पायाला लागून आत गेला. १–४. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३–० असं हरवलं. चौथा क्रमांक. नेव्हिलचे चार गोल. स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांच्या यादीत तो युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्या बरोबरीने पहिला.

एका टेबलावर हे आकडे मांडले की गंमत कळते. त्या वर्षी, एकाच प्रतिस्पर्ध्याच्या मापाने मोजलं तर, मुंबई-हैदराबाद-कलकत्त्याच्या कचेऱ्या, पोलीस ठाणी आणि रेल्वे यार्डांत घडलेला भारतीय संघ अमेरिकेपेक्षा कितीतरी सरस होता. दोन्ही संघ हौशी. दोघांनाही खेळासाठी पगार नव्हता. फरक पडला तो प्रशिक्षणाने. रहीमसाहेबांनी महिनोन्‌महिने एकत्र ठेवून संघ बांधला होता. अमेरिकेचा तर राष्ट्रीय संघ सामन्याच्या तोंडावर गोळा होत असे.

मेलबर्नच्या ताफ्यात मुंबईचा आणखी एक माणूस होता, गोलरक्षक एस. एस. नारायण. केरळातल्या ओट्टप्पालमचा जन्म, वाढला माटुंग्यात, खेळला कॅल्टेक्सकडून. १९५८चा रोव्हर्स चषक कॅल्टेक्सने जिंकला. नारायण पुढे रोम ऑलिंपिकलाही गेले, ठाण्यात स्थिरावले आणि ऑगस्ट २०२१मध्ये वारले. त्याच वर्षी मे महिन्यात गेले फोर्तुनातो फ्रँको. गोव्यातल्या कोलवाळचे फ्रँको मुंबईत पश्चिम रेल्वेकडून आणि मग टाटांकडून खेळले, १९६०च्या रोम ऑलिंपिकच्या ताफ्यात होते आणि १९६२मध्ये जाकार्ताच्या आशियाई सुवर्णविजेत्या संघात. विरारच्या लोकलमध्ये रोज लटकून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की ही गाडी चालवणाऱ्या रेल्वेचा एक फुटबॉलपटू रोमला गेला होता?

रोममध्ये भारत हंगेरीकडून १–२ हरला, फ्रान्सशी १–१ बरोबरीत राहिला, पेरूकडून १–३ हरला. पुरुषांच्या ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारत दिसला तो तेव्हा शेवटचा.

पुढे काय झालं याची कारणमीमांसा करताना सहसा क्रिकेटच्या नावाने बोटं मोडली जातात. ते अर्धंच खरं आहे. खांब कोसळला तो नोकरीचा. अमेरिकेत तो आधी कोसळला. मंदी आली, १९३०च्या दशकात गिरण्या आणि पोलाद कंपन्यांनी हात आखडले, बेथलेहेम स्टीलचा संघ १९३०मध्येच बंद झाला आणि लीग मोडकळीस आली. धर्मग्रामांचे आणि वस्त्यांचे संघ तेवढे तग धरून राहिले, म्हणूनच १९५०मध्ये इंग्लंडला हरवणारे पोस्टमन आणि सोझा मिळाले. मुंबईत हे चक्र पन्नास-साठ वर्षं उशिरा फिरलं. गिरण्या गेल्या. कचेऱ्यांनी खेळाडूंची भरती थांबवली. रोव्हर्स चषक २०००-०१नंतर झाला नाही. २००५-०६चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या महिंद्र युनायटेडने २०१०मध्ये गाशा गुंडाळला. एअर इंडियाही थोड्याच वर्षांत वरच्या लीगमधून बाहेर पडली. २०१४मध्ये मुंबई सिटी एफसी आला, पण शंभरेक कारकुनी नोकऱ्यांच्या जागी वीस-पंचवीस व्यावसायिक करार एवढाच तो व्यवहार. गावच्या मैदानावरून वर चढायची शिडीच मधल्या पायऱ्यांनिशी गेली.

या उलथापालथीत वसई-विरारही बदललं. २००९मध्ये महानगरपालिका झाली, २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात गेली, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. विरारच्या गाडीत पाठीवर क्रिकेटचा किट घेतलेली पोरं दिसतात, आणि त्यात नवल नाही. पृथ्वी शॉ विरारहून, शार्दूल ठाकूर पालघरहून असेच गाडीने मैदान गाठत मोठे झाले. क्रिकेटमध्ये विरारच्या पोराला वर जायची वाट अजून शाबूत आहे. फुटबॉलमध्ये धर्मग्रामाचं पटांगण शाबूत आहे, आणि वांद्र्यात नेव्हिल डिसोझाच्या नावाचं मैदान आहे. त्या दोहोंच्या मधलं अंतर गाडीने तासाभराचं. तिथून पुढे मात्र कुठे जायचं, हे सांगणारी नोकरी नाही.

अमेरिकेने मधल्या काळात शाळा-कॉलेजांतून ती शिडी पुन्हा बांधली, १९९४चा विश्वचषक भरवला, आणि महिलांच्या फुटबॉलमध्ये तर १९९६पासून ऑलिंपिकची सुवर्णपदकं लुटली. २०२८चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे. तिथे पुरुषांचे बाराच संघ असतील, महिलांचे सोळा. म्हणजे ऑलिंपिक फुटबॉलमध्ये पहिल्यांदाच मुलींसाठी जागा जास्त. जुलै २०२५मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला २–१ हरवून पात्रता फेरीतून आशिया चषक गाठला, असं आधी कधी घडलं नव्हतं. वसईच्या धर्मग्रामांनी पावसाळी स्पर्धांत मुलींचा गट ठेवायला आणि पश्चिम रेल्वेसारख्या मालकांनी मुलींच्या संघासाठी भरती करायला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही.